घरी निसर्गोपचार सुरू करणार असाल, तर आधी दिवस बांधून घ्या

बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची पदवी, पूर्ण करून परतलेल्या मुली मला विचारतात, "अक्का, पेठेत गाळा घ्यायचा तर भाडं झेपत नाही. घरीच सुरू केलं तर चालंल काय?" चालतं की. बेळगावात वडगावच्या राहत्या घरी मी हेच काम करते. पुढची खोली तपासणीची, मागच्या पडवीत मातीपट्टी आणि कटिस्नानाचा (कंबर पाण्यात बुडवून बसायचा) टब, गच्चीवर आसनं. उपचार कसे द्यायचे ते कॉलेजात इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं शिकवतात. ज्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतात आणि पोरं शाळेला जायची गडबड करतात, तिथं हे सगळं कसं बसवायचं ते मात्र आपलं आपण शोधावं लागतं.

घरचा निसर्गोपचार म्हणजे घरगुती उपाय, अशी लोकांची समजूत असते आणि हळूहळू आपणही तसंच वागू लागतो. वेळ ठरलेली नाही, नोंद नाही, शेजारीण थेट स्वयंपाकघरात येऊन गुडघा दाखवते, आणि आपण भाकरी थापता थापता सल्ला देतो. त्यात तिचं ब्लडप्रेशर मोजायचं राहून जातं. जागा घर असली तरी कामाला दवाखान्याची शिस्त हवी. खाली लिहिलेलं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

कागदपत्रं

हे मी थोडक्यात सांगते, पण याशिवाय एकाही पेशंटला हात लावू नका. कर्नाटकात बीएनवायएस पदवीची राज्य मंडळाकडे नोंदणी होते, ती आधी करा. मग कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ खाली दवाखान्याची नोंदणी. सगळे त्याला केपीएमई म्हणतात. घरातली एक खोली असली तरी ती लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि फीचा तक्ता पेशंटला दिसेल असा भिंतीवर लावा. बाहेरच्या पाटीवर कन्नड साठ टक्के हवं, हा नियम पेंटरला आधीच सांगा, नाहीतर पाटी दोनदा रंगवावी लागते. नोंदणी राज्यापुरती असते. चंदगड आपल्याला बसने जवळ वाटलं तरी ते महाराष्ट्र आहे. तिकडचे लोक आपल्याकडे येऊ शकतात, पण आपण तिकडे जाऊन उपचार शिबिरं मांडू नयेत.

पाटीवर किंवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर "मधुमेह मुळासकट बरा" असलं काही लिहू नका. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, लकवा, कर्करोग अशा रोगांची यादीच आहे, आणि ते बरे करण्याची जाहिरात करायला मनाई आहे. कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. ज्याची साखर वीस वर्षांची आहे त्याला खोटी आशा दाखवणं हे पाप आहे.

आणि थोड्या दिवसांचा कोर्स केलेल्यांनी नावापुढं डॉक्टर लावू नये. योगशिक्षक हीसुद्धा मानाची ओळख आहे. तेवढंच काम नीट करावं.

पाणी

आपला सगळा धंदा पाण्यावर आहे. बेळगावला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं. शहरातल्या काही प्रभागांत ते चोवीस तास आहे, बाकीच्यांनी नळाची वाट बघायची. तुमचं घर कुठल्या भागात आहे यावर तुमचं वेळापत्रक ठरेल. एका कटिस्नानाला तीन बादल्या तरी लागतात, आणि एकाचं पाणी दुसऱ्याला वापरता येत नाही. पाणी सोडणाऱ्या वॉलमनचा नंबर फोनमध्ये ठेवा. पाणी यायच्या दिवशी टब आणि लपेटीचे (ओलं कापड अंगाला गुंडाळायचे) पेशंट घ्या, कोरड्या दिवशी आसनं, प्राणायाम, मालीश आणि आहाराचं बोलणं. मी पेशंटला येण्याचे वार देते तेच मुळी नळाकडं बघून.

ज्यांच्या परसात जुनी विहीर आहे ते नशीबवान. त्या विहिरीचं पाणी टबाला, पायाला, कपडे धुवायला चालेल. जलनेतीला, म्हणजे पाण्यानं नाक धुवायला, मात्र ना विहिरीचं, ना थेट नळाचं. पाणी खळखळून उकळायचं, झाकून कोमट करायचं, मग अर्ध्या लिटरला सपाट छोटा चमचा मीठ. नाकातून गेलेलं अस्वच्छ पाणी जिवावर बेतू शकतं. प्रत्येकाचं नेतीचं भांडं वेगळं, वर नाव लिहिलेलं.

माती

यावर मी जरा सविस्तर लिहिणार, कारण सगळ्यात जास्त हयगय इथंच होते.

बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर-जांबोटीकडं, तांबडी जांभ्याची माती. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडं काळी. पोटावरच्या पट्टीला मी काळी घेते, कारण ती पाणी धरून ठेवते आणि गारवा टिकतो. तांबडी लवकर सुकते, तडकते आणि पट्टी सुटते. जुनी माणसं वारुळाची माती उत्तम म्हणतात. ती बारीक आणि चिकट असते, खरं आहे. पण जिवंत वारूळ कुदळीनं फोडू नका. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते तेच आपण फोडून आणलं तर गाव आपल्याला दारात उभं करणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

शेतातली माती आणताना पहिला प्रश्न फवारणीचा. ऊस, तंबाखू, कोबी यांच्या रानातली माती घेऊ नका. निपाणीकडून कुणी प्रेमानं पोतं आणून दिलं तरी आधी विचारा की रान कशाचं होतं. पडीक जागेतली, रस्त्यापासून आणि गोठ्यापासून लांबची, वरचा थर बाजूला काढून तीन-चार फूट खालची माती घ्यायची. खडे वेचायचे, ढेकळं फोडायची, कडक उन्हात पसरायची, मग चाळायची. आदल्या रात्री मडक्यात किंवा स्टीलच्या घमेल्यात भिजवायची. सकाळी ती थालीपिठाच्या पिठासारखी हवी. बोटानं उचलली की ओघळता कामा नये.

मोठ्या माणसाच्या पोटाला पट्टी साधारण १० इंच लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाड. सुती कापडावर थापायची, बेंबीच्या खालच्या भागावर ठेवायची, वरून फ्लॅनेल किंवा ब्लँकेट. वीस ते तीस मिनिटं. पोट रिकामं पाहिजे, म्हणून ही कामं सकाळची. पेशंटला हुडहुडी भरली तर लगेच काढा आणि पाय गरम करा. ज्याला आधीच थंडी वाजते त्याला पट्टीच्या आधी अंगात ऊब येऊ द्या, चार सूर्यनमस्कार घालू द्या.

एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमी: फुटलेल्या कातडीवर माती नाही. जखम, भेगा, गळू, खाजवून सोललेलं इसब, काहीही असो. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि उन्हात वाळवून ते मरत नाहीत. पट्टी ठेवण्याआधी सगळा भाग उजेडात बघून घ्या. वापरलेली माती परत वापरायची नाही, ती झाडाच्या बुंध्यात जाते. माझ्या परसातल्या लिंबाला त्यावर चांगला बहर येतो.

वयस्कर पेशंट मातीवर विश्वास ठेवतात त्याला इथं एक कारण आहे. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन टिळकवाडीत झालं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि त्या आठवणी घराघरात सांगितल्या जातात. मातीपट्टी, कटिस्नान हे गांधीजींचे स्वतःचे उपाय होते. पुढं १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. त्यामुळं "गांधीजी करायचे ते" एवढं म्हटलं की आजोबा निमूट आडवे होतात. पण तेवढ्यावर आपण विसंबायचं नाही, त्यांचं बीपी मोजायचंच.

सकाळ ते संध्याकाळ

पाचला उठा. पहिला तास तुमचा स्वतःचा: नेती, आसनं, शांत बसणं. या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या असतात, आणि हा तास ज्या दिवशी बुडतो त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत आवाज चढलेला असतो. सहा ते सव्वासहा टब भरणं, माती बघणं, चादरी घालणं.

साडेसहा ते नऊ उपाशीपोटीचे उपचार. वडगाव, खासबागचे विणकर याच वेळेला येतात, नंतर त्यांचे माग सुरू होतात. दिवसभर मागापुढं उभं राहून त्यांच्या पोटऱ्या दगड झालेल्या असतात. उद्यमबागच्या फाउंड्रीतली माणसं पाळी सुटल्यावर, बहुतेक पाठ धरून. विड्या वळणाऱ्या बायका मान आणि खांदे घेऊन येतात. एकाला वेळ दिली की दुसरा मध्ये घुसवू नका, मग तो नात्यातला का असेना.

नऊ ते दहा घर. पोरांचे डबे, सासूबाईंची गोळी, आपला नाश्ता. या तासात दवाखान्याचं दार लावलेलं असतं आणि बाहेर कन्नड-मराठीत वेळ लिहिलेली असते. सुरुवातीला लोक कडी वाजवतात. दार उघडू नका, आठ-पंधरा दिवसांत कळतं त्यांना. घरातल्यांनाही सांगून ठेवा की "आहे की आत, या" असं म्हणायचं नाही. हे सासूबाईंना पटवणं सगळ्यात अवघड, कारण दारात आलेल्याला बसवणं हा त्यांचा धर्म. मी त्यांना बाहेरच्या कट्ट्यावर पाणी आणि गूळ ठेवायला सांगितलं. पाहुणचारही झाला आणि दारही बंद राहिलं.

दहा ते साडेबारा नवे पेशंट. एकाला पाऊण तास, त्याहून कमी नको. संध्याकाळी चार ते सहा गरम पादस्नान, मालीश, प्राणायामाचा वर्ग. सहानंतर कुणी नाही. पुरुष पेशंटच्या मालिशीला आणि टबाला पुरुष मदतनीस असल्याशिवाय वेळच देऊ नका. बायकांच्या उपचाराच्या वेळी पडवीचा पडदा आणि आतून कडी. या दोन गोष्टी पाळल्यात की गल्लीत कुणाला बोलायला जागा राहत नाही.

पहिली बैठक

फाईलमध्ये आधी नाव, गाव, काम. काम महत्त्वाचं: तंबाखूच्या रानात राबणाऱ्या बाईची मळमळ आणि चक्कर ओल्या पानांना हात लावून आलेली असू शकते, तिला पित्ताचा काढा देऊन काही होत नाही. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि काम झाल्यावर साबणानं हात हा तिचा उपचार. मग चालू गोळ्या. "पांढरी गोळी, सकाळी" एवढ्यावर थांबू नका, पाकीट मागवा. मग बीपी, नाडी, वजन, जुने रिपोर्ट, झोप, शौच, दिवसभराचं खाणं-पिणं.

बैलहोंगल, गोकाककडचे पेशंट कन्नड बोलतात. निदान एवढं तोंडात बसवा: "एल्ली नोव आगतद री?" कुठं दुखतं ते विचारायला, आणि "गुळिगी बिडब्याड्री", म्हणजे गोळ्या सोडू नका. दुसरं वाक्य मी प्रत्येक पेशंटला त्याच्या भाषेत निघताना परत सांगते. निसर्गोपचाराकडं येणारा निम्मा माणूस मनातून गोळ्या बंद करण्याची परवानगी मागायला आलेला असतो. ती आपण द्यायची नसते. साखर किंवा बीपी उतरायला लागलं तर चिठ्ठी लिहून त्याच्या डॉक्टरांकडं पाठवा, डोस ते कमी करतील.

कुणाला घ्यायचं नाही

छातीत दाबल्यासारखं होतंय, हात-तोंड एका बाजूला लुळं पडलंय, बोलणं अडखळतंय: पाणी पाजू नका, आडवं करून मालीश करू नका, लगेच १०८ ला फोन आणि सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, शौचातून रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, छातीतली गाठ, गरोदर बाईचं रक्त जाणं, हे सगळं त्याच दिवशी पुढं पाठवायचं. सोबत आपल्या लेटरहेडवर बीपी, नाडी आणि काय दिसलं ते लिहून द्या. दोन-तीन फॅमिली डॉक्टरांशी आधीच ओळख करून ठेवा. आपण वेळेवर पाठवतो हे दिसलं की तेही त्यांचे पाठदुखीचे, बद्धकोष्ठाचे पेशंट आपल्याकडं पाठवतात.

इन्सुलिन घेणाऱ्या किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला उपवास सांगायचा नाही. एकादशीचासुद्धा विचारून. साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरायला लागले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात. साखरेचा डबा आणि ग्लुकोमीटर उपचाराच्या खोलीतच हवा.

गरम पादस्नान इतकं साधं दिसतं की त्यात लोक भाजतात. ४० ते ४२ अंश पाणी, थर्मामीटरनं मोजलेलं. आधी ग्लासभर पाणी प्यायला, डोक्यावर ओला रुमाल, पंधरा मिनिटं, शेवटी पायावर गार पाणी. मधुमेही माणसाचे पाय आधी तपासा. डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस लावा. कळलं नाही तर गरम पाणी बंद. त्याला पाण्याचा चटका कळणार नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतील. पायात फुगलेल्या शिरा, हृदयाचा त्रास, चालताना पोटऱ्या भरून येणं, यांनाही नको.

ताटात काय

बाहेरून आणलेल्या बिया आणि पावडरी सांगू नका. जोंधळ्याची भाकरी, नाचणी, कुळथाचं सार, आंबाडीची भाजी, मुळा, काकडी, ताक, हे सगळं आपल्या रविवार पेठेत आणि गावच्या बाजारात आहे. साखर असलेल्याला नाचणीची भाकरी सांगा, पातळ गोड आंबील नको, ते पटकन रक्तात उतरतं. पश्चिमेच्या गावांत रताळी भरपूर पिकतात आणि उपासाला पोटभर खाल्ली जातात. साबुदाण्यापेक्षा ती बरी, पण मधुमेह्यानं एक मध्यम रताळं, तेही उकडलेलं आणि सोबत ताक. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला हिरवे रस, शहाळं, फळांचा मारा अजिबात नाही. त्यातलं पोटॅशियम त्याच्या अंगाबाहेर पडत नाही आणि हृदयावर येतं. "नैसर्गिक आहे, काय होतंय" हे वाक्य ऐकलं की मी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट मागते.

पैसे आणि फोन

फी सांगताना खाली बघू नका. माझ्याकडं पहिली तपासणी ३०० रुपये, मातीपट्टी १००, आणि ते भिंतीवर लिहिलंय. घरी दवाखाना आहे म्हणून लोक भाजीची पेंडी, तांदूळ, कुंदा या मिठाईचा बॉक्स आणतात. प्रेमानं घ्या, पण फीच्या वहीत तो हिशोब धरू नका. ज्याला खरंच जमत नाही त्याला आपणच मोफत म्हणून सांगावं, त्यानं मागायची वेळ आणू नये. नात्यातल्यांचीही फाईल करा. फाईल झाली की मावशीसुद्धा पेशंटसारखी बोलते आणि औषधं लपवत नाही.

व्हॉट्सॲपवर दुपारी एक तास उत्तरं. रात्री आलेल्या मेसेजला आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा: तातडीचं असेल तर १०८. फोटो बघून पुरळावर उपाय सांगायचा नाही.

पावसाळ्याआधी

जूनपासून चार महिने आपल्याकडं माती वाळत नाही, चादर वाळत नाही, लोकरीच्या पट्ट्यांना वास येतो. म्हणून मार्च ते मे गच्चीवर माती. चाळून, कोरडी, झाकणाच्या डब्यात, सप्टेंबरपर्यंत पुरेल इतकी. कापडाचे प्रत्येक पट्टीमागं तीन संच: एक अंगावर, एक उकळत्या पाण्यात, एक दोरीवर. पडवीत बांबू आणि पंखा. सोलरचं गरम पाणी जुलैत भरवशाचं नसतं, तेव्हा जादा सिलिंडर भरून ठेवा. या दिवसांत दम्याच्या आणि सांधे आखडलेल्या पेशंटचे गार उपचार थांबवा, त्यांना वाफ आणि कोमट तेलाची मालीश द्या. वाफ घेण्याआधी पाणी प्यायला द्यायचं आणि डोक्यावर ओला रुमाल, हे थंडीतसुद्धा चुकवायचं नाही. खानापूर, जांबोटीच्या पेशंटना जुलै-ऑगस्टमध्ये रोज बोलावू नका. आठवड्यातून एकदा बोलवा आणि घरी करायचा व्यायाम लिहून द्या, कारण ओढ्यावर पाणी चढलं की ते येऊ शकत नाहीत आणि उपचार अर्ध्यावर तुटतो. गणपतीनंतर ऊन पडलं की आधी गाद्या आणि ब्लँकेटं गच्चीवर काढा, माती त्यानंतर.